दीदीच्या वाटचे झुले

आमच्या घरात आजारी माणसाची जागा एकच होती, आणि ती मी अडवून बसले होते. जबलपूरमधल्या चेरीतालच्या त्या दोन खोल्यांत खिडकीजवळची खाट माझी, गरम पाण्याची रबरी पिशवी माझी, फळीवरचा ग्लुकोजचा डबा माझा, आणि संध्याकाळी फॅक्टरीतून आल्यावर बाबांचे हातही माझेच. मला सिकल सेल आहे. आजोबा भंडाऱ्याकडून छोट्या लाईनच्या गाडीने पत्र्याची पेटी घेऊन जबलपूरला नोकरीला आले, तेव्हा हा आजारही त्यांच्या रक्तातून बिनतिकिटाचा आला असणार. बाबांच्या रक्तात तो अर्धा, आईच्या रक्तात अर्धा. त्या दोघांना कधी साधी कणकण आली नाही, आणि माझ्यात मात्र दोन्ही अर्धे एकत्र झाले. रक्तातल्या गोल पेशी वाकड्या होतात, बारीक नसांत अडकून बसतात, आणि मग हाडं आतून दुखायला लागतात. थंडी लागली, पाणी कमी प्यायलं, जास्त धावलं की हमखास. बाबा मोहरीच्या तेलात लसूण आणि ओवा टाकून ते कडकडीत करायचे, कोमट झालं की माझे पाय मांडीवर घेऊन चोळत बसायचे. ते तेल रक्तातल्या पेशींचं काय करणार होतं कोण जाणे, पण त्या वासाने अर्धं दुखणं कमी व्हायचं. आजही होतं.

मी बाबांच्या मांडीवर पाय टाकले की धाकटी गुड्डी शेजारी येऊन आपलेही पाय लांब करायची. "बाबा, मले पण." बाबा तिच्या पोटऱ्यांवरून तेलाचा हात एक-दोनदा फिरवायचे आणि म्हणायचे, "चल हट, नकलची." गुड्डीला घरात हेच नाव पडलं होतं. मी डोकं धरलं की ती डोकं धरायची, मी जेवणावरून उठले की ती उठायची, मी कण्हले की आतल्या खोलीतून तिचं कण्हणं ऐकू यायचं. आई हसून म्हणायची, दीदीचं कौतुक पाहून हिलाही आजारी पडावं वाटते. शाळेत, गल्लीत सगळं हिंदी, त्यामुळे गुड्डी मला ताई न म्हणता दीदीच म्हणायची, आणि मराठी बोलायला लागली की अर्ध्या वाटेत हिंदीवर घसरायची. अंगाने काटक, माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान, पण गल्लीतल्या पोरांना लंगडीत दमवणारी. घरात येणारा प्रत्येक पाहुणा तिच्याकडे बघून म्हणायचा, चला, ही तरी ठणठणीत आहे.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरसाहेबांनी मात्र बाबांना दर खेपेला एकच गोष्ट सांगितलेली मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे. "छोटी को भी ले आइए एक दिन. उंगली से ज़रा-सा खून लेना है, बस." बाबा "जी साहब" म्हणायचे. परत येताना रिक्षात आई म्हणायची, "काहून उगीच सुई टोचायची पोरीले? चांगली खेळून राहिली." आणि बाबा माझी शाल नीट करायला लागायचे. त्यात नुसता आळस नव्हता, हे मला आता कळतं. एका मुलीचं लग्न होणार नाही हे त्यांनी मनाशी धरलं होतं. दुसरीचं रक्त तपासायचं म्हणजे तीही आशा दारात उभी करून तिची झडती घ्यायची. माहीत नसलं की नसतं, अशा समजुतीवर ते दोघं जगत होते. मला त्यांचा राग आला होता आणि अजून येतो.

आता त्या सहलीचं. बाबांच्या नोकरीत एलटीसी होती, म्हणजे काही वर्षांतून एकदा सगळ्या कुटुंबाला देशात कुठेही फिरून यायचं गाडीभाडं सरकार देणार. बाबांच्या फॅक्टरीतली माणसं कन्याकुमारीला जाऊन आली, काश्मीरला जाऊन आली, येताना शंख आणि अक्रोड घेऊन आली. आम्ही मात्र आजवर कुठेच गेलो नव्हतो. मागच्या दोन्ही वेळा बॅगा भरल्यावर मी आजारी पडले होते. एकदा तर स्टेशनवरून परत आलो, शेजारच्या शुक्ला आंटी दारातच उभ्या होत्या आणि म्हणाल्या, "अरे, ट्रेन छूट गई क्या भाभी?" आईने त्यांच्याकडे न बघता कुलूप उघडलं होतं. त्यामुळे या खेपेला हिवाळ्याच्या सुट्टीत मुंबईकडच्या त्या मोठ्या पार्कात जायचं ठरलं, तेव्हा आईने सगळ्यात आधी मलाच दम दिला. "यंदा आजारी पडशील तं पाहाच मग." बाबा म्हणाले, "तू काहून बोलून राहिली तिले? ती काय हौसेनं पडते?" पण तेही दुसऱ्या दिवसापासून सकाळी माझ्या कपाळाला हात लावूनच चहा घ्यायला लागले.

पार्काची जाहिरात तेव्हा टीव्हीवर सारखी लागायची. आकाशातून उलटे फिरणारे पाळणे, घसरगुंडीवरून पाण्यात कोसळणारी माणसं, आणि सिमेंटच्या तलावात यंत्राने उठणाऱ्या लाटा. आज जबलपूरच्या आसपासही असली वॉटर पार्क निघालीत आणि लोक रविवारी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात; तेव्हा आम्हाला ते परदेशासारखं वाटायचं. गुड्डी जाहिरात लागली की टीव्हीच्या काचेला नाक लावायची. आमच्यातल्या कोणीही समुद्र पाहिला नव्हता. त्या यंत्राच्या लाटा दिसल्या की मीही खाटेवरून उठून टीव्हीसमोर येऊन बसायचे.

सगळा बेत मटार सोलताना आखला गेला. सिहोऱ्याचा मामा त्या दिवसांत बसने यायचा तो पोतंभर मटार घेऊन, आणि मग आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ मटारच. उसळ, पोहे, भात, कचोरी, आणि उरलेल्या सालांसाठी दारात उभी राहणारी गाय. सिगडीभोवती बसून सगळे शेंगा सोलायचे. कडक शेंग फुटल्याचा टच्च आवाज आणि पातेल्यात दाणे पडल्याचा आवाज, त्यात बाबांचं नियोजन. बाबांनी वर्तमानपत्रावर शेंगांचं पार्क मांडलं होतं. ही लांब शेंग म्हणजे गेट, या दोन आडव्या म्हणजे पाण्याच्या घसरगुंड्या, हे सालांचं वर्तुळ म्हणजे लाटांचा तलाव. "इथून आत गेलं का आधी उंच झुले. मग जेवण. मग पाणी." गुड्डी मधेच एखादा झुला उचलून सोलून खाऊन टाकायची आणि बाबा ओरडायचे, "अरे बाप्पा, राहू दे ना, आत्ताच बनवला!" सगळ्यात शेवटी त्यांनी तलावाच्या काठाशी एक छोटी, चपटी शेंग ठेवली. मी विचारलं, हे काय? बाबा दाणे सोलता सोलता म्हणाले, "ही तुझी बेंच."

बेंचचं असं होतं की थंड पाणी मला चालत नव्हतं आणि उंच झुल्यांवर बसायचं मला धैर्य नव्हतं, म्हणजे खरं तर मला बसवायचं धैर्य इतरांना नव्हतं. म्हणून मी शाल पांघरून बेंचवर बसायचं, सगळ्यांच्या चपला आणि बॅगा सांभाळायच्या, थर्मासमधलं कोमट पाणी थोडं थोडं पीत राहायचं. आईने शालही काढून ठेवली होती, खाकी रंगाची, बाबांची. ती चपटी शेंग बघून मला रडू फुटलं. एवढ्या लांब जाऊन चपला राखायच्या! मी तिथून उठले आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. थोड्या वेळाने गुड्डी आली, माझ्या पाठीवर हनुवटी टेकवून म्हणाली, "दीदी, सुन ना. मी सगळे झुले दोन-दोन दफा करीन. एक माझ्यासाठी, एक तुझ्यासाठी. तू नुस्तं बोट दाखव, कोणता पाहिजे." मी म्हटलं, तुला पाण्याची भीती वाटते, तू काय माझ्या वाटचं करणार. ती म्हणाली, "मग शिकते."

आणि ती शिकायला लागली. आमच्या मागच्या अंगणात सिमेंटचा हौद होता, नळ पहाटे यायचा तेव्हा भरून ठेवायचा. डिसेंबरातलं जबलपूर म्हणजे सकाळी हौदाच्या पाण्यात बोट घातलं तरी झिणझिण्या याव्यात असं. गुड्डी फ्रॉकवर त्यात उतरायची, नाक धरून बुडी मारायची आणि आत श्वास कोंडून राहायची. वर आली की दात वाजत असायचे, ओठ जांभळे, आणि विचारायची, "कितना हुआ, दीदी?" मी पायरीवर स्वेटर घालून बसलेली. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "पोट्टे, सर्दी होईल!" पण त्या ओरडण्यात धाक नव्हता. ठणठणीत पोरगी होती, एखादी सर्दी झाली तर आलं घालून चहा. तोच हौद माझ्यासाठी मात्र असा वर्ज्य होता की मी नुसती काठावर रेलले तरी आई धावत यायची. दोन मुलींत आईने जी रेघ ओढली होती, ती त्या हौदाच्या काठावरून जात होती.

निघायला दोन-तीन दिवस राहिले असतील. गुड्डी शाळेतून लंगडत आली. जेवली नाही. माझ्याच खाटेवर पायथ्याशी अंगाचं मुटकुळं करून पडली. मी म्हटलं, काय झालं, तर म्हणाली, "दीदी, हड्डीच्या आत कोणीतरी ओले कपडे पिळून राहिलं असं होते." मी उठून बसले. दुखण्याची नक्कल करणारा कण्हेल, रडेल, पाय धरेल. पण हाडाच्या आत पीळ बसतो हे ज्याच्या हाडात बसला त्यालाच सांगता येतं, आणि मी ते तिला कधी सांगितलेलं नव्हतं. मला सांगताच आलं नव्हतं, इतक्या वर्षांत. मी तिची खालची पापणी ओढून पाहिली, हॉस्पिटलात माझी पाहायचे तशी. डोळ्यात पिवळट झाक होती. दुखणं आलं की माझ्या डोळ्यांत यायची तशीच.

मी तशीच स्वयंपाकघरात गेले. आई गाडीत खायला तिखटाच्या पुऱ्या लाटत होती. बाबा पाटावर बसून तळत होते, कारण तळण त्यांच्या हाताचं चांगलं. मी म्हटलं, "आई, गुड्डीले माझंच आहे." लाटणं थांबलं. "काय म्हटलं?" मी पुन्हा म्हटलं. आई एकदम उसळली. "जीभ हासडून हातात देईन! एक आहे ते पुरं नाही झालं का? तुझं झालं तं तिलेही व्हावं असं वाटून राहिलं का तुले?" असं माझी आई बोलली. तिला मी दुष्ट समजत नाही. घाबरलेलं माणूस हाताला येईल ते फेकून मारतं, तिच्या हाताला ते वाक्य आलं. बाबा झाऱ्या कढईच्या काठावर टेकवून म्हणाले, "थांब. बोलाव तिले."

गुड्डी भिंत धरून दाराशी आली. आईने पिठाच्या हाताने तिची हनुवटी वर केली. "खरं सांग. पाय दुखून राहिले का? दुखत असतील तं आपण नाही जात. बाबा तिकीट वापस करून टाकतील, आणि उद्याच दवाखान्यात जाऊ. बोल, खरंच दुखते, का दीदीची नक्कल करून राहिली?" आईने विचारलं ते प्रेमानेच विचारलं, पण तो प्रश्न एका पोरीच्या गळ्यात सगळी सहल बांधून विचारला होता. कोपऱ्यात भरलेली बॅग होती. पुऱ्यांची टोपली होती. गुड्डीने बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसली. "नक्कल करून राहिली होती मी."

आईने इतका मोठा श्वास सोडला की समोरचं पीठ उडालं. बाबांनी झाऱ्या उचलला. "नकलची!" म्हणून त्यांनी गरम पुरी तिच्या हातावर ठेवली, आणि ती तिने उभ्याउभ्या माझ्यासमोर खाल्ली.

मी तिला खाटेजवळ गाठून दंडाला धरून हलवलं. खोटं का बोललीस? ती म्हणाली, "दोन दफा तुझ्यामुळे नाही गेलो. आता माझ्यामुळे नाही गेलो तं आई मरून जाईल, दीदी. वापस आल्यावर सांगू ना. पक्का." मग दबक्या आवाजात, "तुले लाटा पाहाच्या आहेत की नाही?" मी संध्याकाळी बाबांजवळ परत विषय काढला. बाबा म्हणाले, "तिनं स्वतः सांगितलं ना? बस मग. मुंबईहून आलो का नेऊ तिले, दोघी बहिणींना बरोबर नेऊ." ते मनापासून बोलत होते. त्यांनी बहुतेक नेलंही असतं.

त्यानंतरचे दिवस गुड्डी इतकी शहाण्यासारखी वागली की कोणालाही शंका यावी, पण आनंदात असलेल्या माणसांना शंका येत नाहीत. हौदात उतरली नाही, धावली नाही. आई म्हणाली, पोरगी समजूतदार झाली. बाबा दूधवाल्या भैयाला सांगून आले की आठवडाभर दूध टाकू नको. शुक्ला आंटी दारात येऊन म्हणाल्या, "इस बार तो पक्का जा रहे हो ना भाभी?" आणि आई म्हणाली, "हाँ जी, इस बार पक्का." निघायच्या दिवशी सकाळी बाबा बॅगांना दोरी बांधत होते. गुड्डी दोन स्वेटर घालून पायरीवर उन्हात बसली होती. बाबांनी तिला हाक मारली, पाण्याची सुरई आण. ती उठली, सुरई उचलली, आणि सुरईसकट खाली बसली. मी जवळ गेले तर तिचा श्वास वरच्यावर चालला होता आणि अंग तव्यासारखं तापलं होतं. तिने छातीवर हात ठेवला आणि मला म्हणाली, "आईले नको सांगू."

स्टेशनसाठी बोलावलेल्या ऑटोतूनच आम्ही हॉस्पिटलात गेलो. वॉर्डातल्या सिस्टर मला लहानपणापासून ओळखायच्या. आम्हा चौघांना आत येताना पाहिल्याबरोबर त्या उठल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "अरे बिटिया, फिर आ गई? चल, लेट जा." आणि माझ्या नेहमीच्या पलंगावरची चादर झटकायला लागल्या. मी म्हटलं, "मैं नहीं, सिस्टर. ये." सिस्टरांनी बाबांच्या खांद्यावरच्या गुड्डीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. डॉक्टर आले, तिच्या छातीला नळी लावून ऐकलं, पापणी ओढून पाहिली. विचारलं, "इसको सिकल कब से है?" बाबा म्हणाले, "इसको नहीं है साहब. बड़ी को है." डॉक्टरांनी काहीतरी समजावलं, फुप्फुसात अडकलंय, फार उशीर झालाय. बाबा ऐकून घेत होते आणि मान हलवत होते, आणि प्रत्येक वाक्यानंतर हात जोडून तेच म्हणत होते, "नहीं साहब, आप देख लीजिए, बड़ी को है." दुसऱ्या दिवशी दुपारी गुड्डी गेली. ज्या पलंगावर माझी नेहमीची जागा होती, त्याच पलंगावर.

तिला घरी आणलं तर गल्ली शांत होती. आम्ही मुंबईला गेलो असंच सगळ्यांना वाटत होतं. आमच्या बुद्धविहारातली माणसंही निरोप मिळेल तशी एक-एक करून आली. आलेल्यांना चहा करायला घरात दूध नव्हतं, कारण भैयाला आठवडाभर येऊ नको म्हणून सांगितलं होतं. शुक्ला आंटींनी त्यांच्या घरून पातेलंभर चहा आणला आणि तो वाटताना त्या मोठ्याने रडल्या. आई रडली नाही. ती पुऱ्यांच्या डब्याकडे बघत बसून राहिली, आणि तो डबा पुढे कितीतरी दिवस कोणी उघडलाही नाही आणि टाकलाही नाही.

माझ्यासारखीने पन्नाशी गाठली याचं आता डॉक्टरांना नवल वाटतं. रोजची एक गोळी निघाली आहे, तिच्यावर मी नोकरी केली, घर चालवलं. आई गेली. त्या डिसेंबरानंतर तिने मला "आजारी पडू नको" असं पुन्हा एकदाही म्हटलं नाही, मला दुखायला लागलं की ती आधी विचारायची, "खरंच ना?" आणि मग स्वतःच दचकून गरम पाण्याची पिशवी भरायला उठायची. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. कोणी नेतो म्हटलं तर मी भांडून नाही म्हणते.

बाबा आहेत. खूप थकलेत, आणि त्यांची आठवण आता जागा चुकवते. कोणी विचारलं तर सांगतात, दोन मुली, मोठी आजारी असते, धाकटी ठणठणीत. मी कधी दुरुस्त करत नाही. यंदाच्या थंडीत मला पुन्हा मोठं दुखणं आलं. सकाळी उन्हात खाट टाकून पडले होते, तर बाबा स्वतः उठून वाटीत तेल घेऊन आले. काठी खाली ठेवली, खाटेवर बसले, माझे पाय ओढून मांडीवर घेतले. चोळायची रीत तीच, टाचेपासून वर. बराच वेळ चोळत राहिले. मग माझ्या तोंडाकडे न बघता विचारलं, "गुड्डे, खरंच दुखून राहिले का गं पाय?"

आयुष्यभर तिने माझी नक्कल केली असं सगळे म्हणाले. मी एकदा तिची केली. म्हटलं, "हाव बाबा. खरंच दुखून राहिले."

"मग आधी काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं, बाबा."

त्यांनी मान हलवली, वाटीत पुन्हा बोटं बुडवली आणि दुसरा पाय जवळ घेतला.